खाणीतल्या मेकॅनिकचा अनुभव परदेशी व्हिसासाठी कसा मोजला जातो

डिचोली तालुक्यातील एका वाचकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचे वय 37 आहे. 2007 मध्ये त्यांनी आयटीआयमधून मेकॅनिक डिझेल हा ट्रेड पूर्ण केला, पुढे एका खाण कंपनीच्या वर्कशॉपमध्ये अप्रेंटिसशिप केली आणि 2009 पासून 2018 मध्ये खाणी बंद होईपर्यंत तेथेच डंपर आणि एक्स्कॅव्हेटरची दुरुस्ती केली. त्यानंतर काही वर्षे त्यांनी स्वतःची टॅक्सी चालवली. जानेवारी 2023 पासून ते वेर्णा येथे बांधकाम यंत्रांच्या एका विक्रेत्याकडे सर्व्हिस टेक्निशियन आहेत. ऑस्ट्रेलियाच्या स्किल्ड व्हिसासाठी आपले कौशल्य आणि अनुभव नेमका कसा तपासला जाईल, खाणीतील नऊ वर्षे धरली जातील का, आणि जुन्या कंपनीकडून पत्र मिळत नसेल तर काय करावे, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे. त्यांचा मेव्हणा क्रूझवर कुक आहे आणि त्याचा अनुभव कसा मोजला जाईल, असेही त्यांनी विचारले आहे.

गोव्यातील कामगारांचे असे अर्ज आणि त्यांची कागदपत्रे तयार करण्याच्या कामात मी बरीच वर्षे आहे आणि त्या आधारावर सांगतो की तुमचा अर्ज टिकण्यासारखा आहे. मात्र तपासणारा अधिकारी तुमचे वर्कशॉप कधी पाहणार नाही. त्याच्यापुढे कागद असतील आणि त्यांवरून त्याला ठरवायचे असेल की हे काम याच माणसाने, याच काळात, पगार घेऊन आणि कुशल कारागिराच्या पातळीवर केले का. उत्तम हात असलेल्या माणसांचे अर्ज मी कागद अपुरे पडले या एका कारणाने नाकारले गेलेले पाहिले आहेत. म्हणून खालील उत्तराचा मोठा भाग पुराव्यांविषयी आहे.

प्रथम हे लक्षात घ्यावे की तपासणी दोन ठिकाणी होते आणि दोघांचे प्रश्न वेगळे असतात. कौशल्याचे मूल्यमापन करणारी संस्था तुम्ही त्या ट्रेडमधील कुशल कामगार आहात का, एवढेच पाहते. तुमच्या बाबतीत हा अधिकार ट्रेड्स रेकग्निशन ऑस्ट्रेलिया, म्हणजे टीआरए, या सरकारी संस्थेकडे आहे. भारतीय पासपोर्टधारकांच्या अनेक ट्रेडचे प्रत्यक्ष मूल्यमापन टीआरएने मान्यता दिलेल्या प्रशिक्षण संस्था करतात आणि व्हेटअ‍ॅसेस ही त्यांतील सर्वांत परिचित आहे. आधी कागदपत्रे तपासली जातात, नंतर तांत्रिक मुलाखत होते आणि काही ट्रेडमध्ये प्रात्यक्षिकही घेतले जाते. वय, इंग्रजी, अनुभव यांचे गुण मोजणे आणि व्हिसा देणे हे काम मात्र ऑस्ट्रेलियाच्या गृह विभागाचे आहे. मूल्यमापन संस्थेने अनुकूल निकाल दिला म्हणून विभाग तुमच्या अनुभवाचा प्रत्येक महिना मान्य करीलच असे नाही. विभागाला शंका आली तर तो स्वतंत्रपणे चौकशी करतो आणि त्या चौकशीत वेर्ण्याच्या कार्यालयात फोनही येऊ शकतो.

व्यवसायाचा कोड निवडताना घाई करू नये. ऑस्ट्रेलियाच्या व्यवसायांच्या जुन्या वर्गीकरणात मोटर मेकॅनिक 321211, डिझेल मोटर मेकॅनिक 321212 आणि फिटर 323211 असे वेगवेगळे कोड आहेत. तुमचे काम डंपर, लोडर आणि एक्स्कॅव्हेटरवरचे असल्यामुळे 321212 हाच तुमचा कोड आहे. सध्याच्या कंपनीने तुम्हाला «सर्व्हिस इंजिनिअर» असे पदनाम दिले असेल, तर त्याच्या मोहात पडून अभियंत्याच्या कोडकडे वळू नये. अभियंत्यांचे मूल्यमापन इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया ही संस्था करते आणि तिला पदवी लागते. पदनाम काही असो, निर्णय कामाच्या स्वरूपावर होतो. पदनाम आणि काम यांत फरक असेल तर तो पत्रात एका वाक्यात स्पष्ट करून घ्यावा, म्हणजे तपासणाऱ्याला तो स्वतः शोधावा लागत नाही. या वर्गीकरणाची जागा आता ओस्का नावाचे नवे वर्गीकरण टप्प्याटप्प्याने घेत आहे, त्यामुळे अर्जाच्या दिवशी कोणती यादी लागू आहे हे गृह विभागाच्या संकेतस्थळावर पाहूनच अर्ज भरावा.

शिक्षणाबाबत तुमच्याकडे दोन कागद असायला हवेत. एक आयटीआयचे एनसीव्हीटी (राष्ट्रीय व्यवसाय प्रशिक्षण परिषद) प्रमाणपत्र गुणपत्रिकेसह, आणि दुसरे अप्रेंटिसशिपनंतरच्या अखिल भारतीय परीक्षेचे राष्ट्रीय प्रमाणपत्र, ज्याला आपल्याकडे एनएसी म्हणतात. हा दुसरा कागद अनेकांनी कपाटात ठेवून विसरलेला असतो, कारण येथे नोकरी मिळवताना तो फारसा कोणी मागत नाही. परदेशी तपासणाऱ्याच्या दृष्टीने तो मोलाचा आहे, कारण त्यांच्याकडेही कारागीर घडतो तो मालकाकडे शिकूनच. तुमचा ट्रेड एक वर्षाचा असल्याने अप्रेंटिसशिपचा कागद जोडला नाही तर तुमचे प्रशिक्षण अपुरे वाटण्याची शक्यता बरीच वाढते. अप्रेंटिसशिपची वर्षे मात्र प्रशिक्षण म्हणून दाखवावीत. ती अनुभवात मिसळली की पुढचा सगळा हिशेब संशयास्पद ठरतो.

आता वर्षांच्या मोजणीकडे येतो. येथे बहुतेकांचा गैरसमज असतो. गुणांसाठी ऑस्ट्रेलियाबाहेरचा अनुभव फक्त निमंत्रणापूर्वीच्या, म्हणजे व्हिसाचा अर्ज भरण्याचे बोलावणे येण्यापूर्वीच्या, दहा वर्षांतला धरतात. तीन वर्षे पूर्ण असतील तर 5 गुण, पाच वर्षांना 10 आणि आठ वर्षांना 15 गुण मिळतात. निमंत्रण जून 2026 मध्ये आले असे समजू. दहा वर्षांची मर्यादा जून 2016 पर्यंत मागे जाते. म्हणजे खाणीतील नऊ वर्षांपैकी जून 2016 ते मार्च 2018 एवढेच, सुमारे एक वर्ष नऊ महिने, गुणांसाठी उरतात. वेर्ण्यातील तीन वर्षे पाच महिने त्यात मिळवले की पाच वर्षे दोन महिने होतात आणि 10 गुण मिळतात. खाणीचा काळ सिद्ध करता आला नाही तर तुम्ही 5 गुणांवरच थांबता.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की तुमच्या हिशेबात शिल्लक फक्त दोन महिन्यांची आहे. मधल्या काळात तीन महिन्यांची बिनपगारी रजा झालेली असेल, किंवा 2018 मध्ये काम थांबल्यानंतर काही महिने तुम्ही नुसते हजेरीपटावर होतात आणि तेही यात धरले असतील, तर पाच वर्षे भरत नाहीत. दुसरी गोष्ट अशी की थांबून राहिल्याने अनुभव वाढणार नाही. प्रत्येक महिन्यागणिक वेर्ण्याचा एक महिना जमा होईल आणि मागच्या टोकाचा खाणीचा एक महिना गळून पडेल. मार्च 2028 पर्यंत तुमची बेरीज आहे तेवढीच राहते. आठ वर्षे भरतील ती जानेवारी 2031 मध्ये, आणि तोपर्यंत तुम्ही चाळिशी ओलांडलेली असेल. वयाचे गुण 33 ते 39 या गटाला 25 आहेत आणि 40 ते 44 ला 15, म्हणजे वाट पाहणाऱ्याला अनुभवाचे पाच मिळतात आणि वयाचे दहा जातात. माझा स्पष्ट सल्ला आहे की जुन्या कागदांची जुळवाजुळव याच वर्षी सुरू करावी आणि इंग्रजीवर मेहनत घ्यावी, कारण आयईएलटीएसच्या चारही भागांत 7 बँड आले तर त्याचे 10 गुण आहेत आणि 8 आले तर 20.

टॅक्सीच्या वर्षांविषयी तुम्ही विचारले आहे की ती दाखवावीत का. दाखवावीत. ती डिझेल मेकॅनिकचा अनुभव म्हणून मोजली जाणार नाहीत, तुम्ही स्वतःच्या गाडीची दुरुस्ती स्वतः करत असलात तरीही. पण बायोडेटातील रिकामी जागा हीच तपासणाऱ्याची पहिली शंका असते. खाणी बंद झाल्यामुळे रोजगार गेला आणि उदरनिर्वाहासाठी टॅक्सी घेतली हे सत्य आहे, सार्वजनिक नोंदींतून पडताळता येण्यासारखे आहे आणि त्यात लपवण्यासारखे काही नाही. टॅक्सीचे परमिट आणि प्राप्तिकराचे विवरण जोडले की तो प्रश्न तेथेच संपतो. अलीकडच्या तीन वर्षांत त्या ट्रेडमध्ये किमान बारा महिने पूर्णवेळ पगारी काम असावे, ही अटही महत्त्वाची आहे. तुम्ही वेर्ण्याला परत त्याच कामावर आलात म्हणून ती पूर्ण होते. ज्यांनी 2018 नंतर कायमची टॅक्सी किंवा किराणा दुकान धरले, त्यांचा खाणीतला कितीही चांगला अनुभव या अटीशी अडतो. डिचोली, सत्तरी आणि सांगे तालुक्यांतील अशा अनेकांना मला हे सांगावे लागले आहे आणि ते सांगताना मला नेहमीच वाईट वाटते.

खाणींच्या इतिहासाचा तुमच्या कागदांशी थेट संबंध आहे, म्हणून तो थोडा सविस्तर लिहितो. सप्टेंबर 2012 मध्ये राज्य सरकारने खाणकाम स्थगित केले आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. ती एप्रिल 2014 मध्ये उठली, तरी प्रत्यक्ष उत्खनन पुन्हा सुरू व्हायला 2015 उजाडले. नंतर फेब्रुवारी 2018 च्या निकालाने 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि मार्चच्या मध्यापासून काम थांबले. परदेशात बसलेल्या तपासणाऱ्याला यातले काही ठाऊक नसते. त्याला दिसते ते एवढेच की पत्रात 2009 ते 2018 सलग पूर्णवेळ काम लिहिले आहे आणि पीएफच्या नोंदीत 2013 मध्ये रक्कम एकदम खाली आली आहे. ही विसंगती आपणच आधी उलगडून सांगावी. पहिल्या बंदीच्या काळात तुम्ही कमी पगारावर घरी होतात तर तो काळ अनुभवातून वजा करावा. थांबलेल्या यंत्रांची देखभाल करायला खरोखर जात होतात तर किती दिवस, किती तास आणि कोणते काम, हे तेवढेच लिहावे. हा काळ दहा वर्षांच्या मर्यादेबाहेर असल्यामुळे तो सोडून दिल्याने गुणांत काहीही तोटा नाही. उलट जो माणूस स्वतःहून महिने वजा करतो, त्याच्या बाकीच्या महिन्यांवर विश्वास बसतो.

आता पत्राचा प्रश्न. तुमच्या जुन्या कंपनीचे वर्कशॉप बंद असले तरी कंपनी कायद्याने अस्तित्वात आहे का ते आधी पाहावे. पुष्कळ खाण कंपन्यांची पणजी किंवा मडगावची कार्यालये छोट्या स्वरूपात चालू आहेत आणि जुने कर्मचारी हिशेब सांभाळून बसलेले असतात. तेथे लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. पत्र मिळाले तर उत्तमच. मिळाले नाही तर त्या काळातील तुमचा वर्कशॉप इनचार्ज किंवा फोरमन, जो तुम्हाला प्रत्यक्ष काम नेमून देत होता, त्याचे सहीचे निवेदन घ्यावे. त्यात त्याचे त्या वेळचे पद, त्याने तुमच्यावर कोणत्या काळात देखरेख केली, आताचा फोन क्रमांक आणि त्याच्या स्वतःच्या नोकरीचा एखादा पुरावा असला पाहिजे. तुम्ही स्वतः स्टॅम्पपेपरवर केलेले प्रतिज्ञापत्र एकटे पुरत नाही. नोटरीची मोहर तुमची सही खरी असल्याचे सांगते, तुमचे काम खरे असल्याचे सांगत नाही.

या निवेदनाला आधार देणारे कागद मात्र तुम्ही समजता त्याहून जास्त आहेत. खाणीत काम करणाऱ्याला खाण व्यावसायिक प्रशिक्षण नियम, 1966 प्रमाणे प्रशिक्षण घ्यावे लागते आणि त्याचे प्रमाणपत्र मिळते. लोक त्याला व्हीटी सर्टिफिकेट म्हणतात. त्यावर तुमचे नाव, खाण आणि तारीख असते. तसेच खाण नियमांखालील वैद्यकीय तपासणीचा अहवाल, ज्याला आपण पीएमई म्हणतो, ठरावीक वर्षांनी होत असे आणि त्याची प्रत कामगाराला मिळत असे. हे दोन कागद साध्या कारखान्यातल्या कामगाराकडे नसतात आणि तुम्ही त्या काळात खाणीवर होतात हे ते त्रयस्थपणे सांगतात. कामगार कपात झाली तेव्हाचा हिशेबाचा कागदही शोधावा. त्या वेळी लागू असलेल्या औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे कपातीची भरपाई पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाने मोजत असत, म्हणून त्या कागदावर रुजू झाल्याची तारीख, शेवटची तारीख आणि बहुधा पदही लिहिलेले असते. शिवाय फॉर्म 16, पगार जमा होत असलेल्या बँक खात्याचे उतारे आणि पीएफचे पासबुक आहेच.

पीएफबाबत एक अडचण हमखास येते. यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी कायम राहणारे पीएफचे क्रमांक, 2014 मध्ये आले. त्याआधीची तुमची सेवा जुन्या सदस्य क्रमांकावर असेल आणि ती नव्या खात्याशी जोडलेली नसेल, तर ऑनलाइन नोंदीत तुम्ही रुजूच उशिरा झालात असे दिसते. कधी सोडल्याची तारीख भरलेलीच नसते. या दुरुस्त्या पणजीच्या भविष्य निर्वाह निधी कार्यालयातून करून घ्याव्या लागतात, त्यांना वेळ लागतो आणि जुन्या मालकाची संमती लागली तर आणखी वेळ जातो. म्हणून हे काम सर्वांत आधी हाती घ्यावे. तुम्ही कंपनीच्या थेट हजेरीपटावर होतात की कंत्राटदाराच्या, हेही पीएफच्या नोंदीतून कळेल. कंत्राटदाराच्या नावाने पैसे भरले गेले असतील तर तुमचा मालक कायद्याने तो कंत्राटदार आहे आणि मुख्य पत्र त्याचेच लागेल. खाण कंपनीचा कागद मग कामाच्या जागेचा पुरावा म्हणून जोडावा. या दोहोंत गल्लत झाली की प्रामाणिक अर्जही बनावट वाटू लागतो.

नावांचेही पाहावे. शाळेच्या दाखल्यावर एक आडनाव, जन्मदाखल्यावर दुसरे आणि पासपोर्टवर इंग्रजी स्पेलिंग तिसरेच, हे आपल्या गावांत नवीन नाही. गोव्यात नाव बदलण्यासाठी 1990 चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्याखाली बदल झाला असेल तर तो आदेश जोडावा. फक्त स्पेलिंगचा फरक असेल तर सर्व रूपे नमूद करणारे प्रतिज्ञापत्र येथे चालते.

अनुभवपत्रात काय असावे, यावर मी सर्वांत जास्त वेळ देतो. कंपनीचे लेटरहेड, सही करणाऱ्याचे नाव, पद आणि संपर्क, तुमचे पद, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, आठवड्याचे तास आणि पगार हे सर्वांना ठाऊक असते. कामाचे वर्णन मात्र बहुतेक वेळा ऑस्ट्रेलियाच्या वर्गीकरणातील वाक्ये जशीच्या तशी उतरवून केलेले असते. तपासणारा ती वाक्ये रोज वाचतो. वेर्ण्याच्या आणि म्हापशाच्या दोन वेगळ्या कंपन्यांच्या पत्रांत तेच शब्द त्याच क्रमाने आले, तर त्याला कारण विचारावे लागत नाही.

तुमच्या पत्रात अवजड यंत्रांची देखभाल व दुरुस्ती केली एवढेच लिहिले तर त्यावरून काही कळत नाही. त्याऐवजी असे लिहिता येईल: 35 टनी डंपरच्या इंजिनाचे ओव्हरहॉलिंग करताना हेड उतरवणे, लायनरची झीज बोअर गेजने मोजणे, पिस्टन आणि रिंग बदलणे, व्हॉल्व्ह लॅप करून क्लिअरन्स लावणे आणि निर्मात्याने दिलेल्या क्रमाने व मापाने हेड बोल्ट टॉर्क रेंचने आवळणे, एक्स्कॅव्हेटरचा बूम हळू उचलला जात असल्याची तक्रार आल्यावर हायड्रॉलिक पंपाचा दाब गेज लावून तपासणे, दोष पंपात आहे की कंट्रोल व्हॉल्व्हमध्ये की सिलिंडरच्या सीलमध्ये हे ठरवणे आणि त्यानुसार दुरुस्ती करणे, ट्रॅक चेन, रोलर आणि स्प्रॉकेटची झीज मोजून बदलीची शिफारस करणे. हे वाचणाऱ्याला समजते की दोष शोधण्याचा निर्णय तुमचा होता. कुशल कारागीर आणि मदतनीस यांतला फरक तपासणारा नेमका येथे पाहतो. दुसऱ्याने सांगितलेला भाग बदलणे हे मदतनीसही करतो; दोष कुठे आहे हे ठरवायला कारागीर लागतो. तुमच्या हाताखाली किती हेल्पर होते, जॉब कार्डवर सही कोण करत असे आणि दुरुस्तीनंतर यंत्र चालवून पाहण्याची जबाबदारी कोणाची होती, हेही त्यात यावे. पावसाळ्यात खाणीवरचे उत्खनन थांबत असे आणि त्याच महिन्यांत वर्कशॉपमध्ये मोठी ओव्हरहॉलिंगची कामे होत असत, हे गोव्याचे वैशिष्ट्य आहे. ते लिहिलेत तर वर्षभराचे पूर्णवेळ काम कसे भरत होते हेही स्पष्ट होते.

जुनी जॉब कार्डे, प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे, यंत्रासोबतचे कामाच्या कपड्यांतले फोटो आणि छोटे व्हिडिओ यांचा ट्रेडच्या मूल्यमापनात उपयोग होतो. सध्याच्या कामाचे व्हिडिओ मालकाची परवानगी घेऊनच काढावेत आणि त्यांत सुरक्षिततेची साधने दिसली पाहिजेत. जॅकवर उचललेल्या यंत्राखाली स्टँड न लावता काम करतानाचा फोटो तुमच्याच विरुद्ध जातो.

सध्याचा मालक पत्र देईल का, ही भीती स्वाभाविक आहे, कारण माणूस जाणार हे कळल्यावर पगारवाढ थांबते असा अनेकांचा अनुभव आहे. त्यांच्याकडून कामाच्या तपशिलाचे पत्र मिळेपर्यंत नेमणूकपत्र, पगारपत्रके, निर्मात्या कंपनीच्या प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे आणि सुपरवायझरचे निवेदन यांवर मूल्यमापन सुरू करता येते. पगाराचा काही भाग रोखीने मिळत असेल तर पत्रात बँकेत जमा होणारी रक्कमच यावी. पत्रात मोठा आकडा आणि बँकेत लहान, ही विसंगती नंतर कशानेही मिटत नाही.

मुलाखत दूरस्थ पद्धतीने आणि इंग्रजीत होते. त्यात तुमच्याच पत्रातील कामांवर प्रश्न विचारतात: इंजिनातून काळा धूर येतो तर काय काय तपासाल, एअर ब्रेकचा दाब टिकत नाही तर सुरुवात कुठून कराल, वीज आणि दाब सुरक्षितपणे कसा तोडाल. म्हणून दुसऱ्याने लिहिलेले पत्र घेऊन मुलाखतीला बसणारा माणूस पहिल्या दहा मिनिटांत उघडा पडतो. यंत्राच्या भागांची नावे तुम्हाला इंग्रजीत येतातच. सराव हवा तो पायऱ्या क्रमाने सांगण्याचा. रोज संध्याकाळी त्या दिवसाचे एक काम इंग्रजीत मोठ्याने सांगून पाहावे. माझ्या पाहण्यात याच्याइतका उपयोग कोणत्याही क्लासचा झालेला नाही.

मेव्हण्याच्या बाबतीत गणित वेगळे आहे. क्रूझवरचे करार काही महिन्यांचे असतात आणि मधला काळ तारवटी, म्हणजे जहाजावरचा कामगार, घरी असतो. दोन करारांमधला बिनपगारी काळ अनुभवात धरू नये. प्रत्येक कराराच्या तारखा सीडीसीवरच्या, म्हणजे जहाजावरील सेवेच्या नोंदपुस्तिकेतल्या, शिक्क्यांशी जुळल्या पाहिजेत. मुंबईची किंवा गोव्याची भरती एजन्सी पत्र देते, पण मालक जहाज कंपनी असते, म्हणून शक्यतो कंपनीचे पत्र घ्यावे. पदाचाही विचार करावा: कॉमी तीन या स्वयंपाकघरातल्या कनिष्ठ पदाची वर्षे शिकाऊ समजली जाण्याची शक्यता असते, आणि शेफ म्हणायचे तर मेन्यू ठरवणे, साहित्याची मागणी आणि हाताखालच्या माणसांची देखरेख यांचा पुरावा लागतो. नसेल तर कुकचा कोड हाच योग्य. किनाऱ्यावरच्या शॅकमधील हंगामी काम वर्ष म्हणून मोजू नये, जेवढे महिने झाले तेवढेच मोजावेत.

इतर देशांबद्दल थोडेच लिहितो. जर्मनीने मार्च 2024 पासून अनुभवाच्या आधारावर एक मार्ग खुला केला आहे, पण त्यासाठी किमान दोन वर्षांचे मान्यताप्राप्त प्रशिक्षण आणि अलीकडच्या पाच वर्षांत दोन वर्षांचा अनुभव लागतो. तुमचा ट्रेड एक वर्षाचा असल्याने तेथे अडचण आहे. इलेक्ट्रिशियन किंवा फिटरचा दोन वर्षांचा ट्रेड असणाऱ्यांनी हा मार्ग जरूर पाहावा. कॅनडात तुमचे काम 72401 या कोडखाली येते, मात्र कारागिरांच्या संघीय मार्गाला तेथील नोकरीचा प्रस्ताव किंवा प्रांताचे पात्रता प्रमाणपत्र लागते. ब्रिटनमध्ये जुलै 2025 पासून स्किल्ड वर्कर व्हिसासाठी पदवीच्या पातळीचे काम अपेक्षित आहे आणि त्याला असलेले अपवाद मोजके व तात्पुरते आहेत. पोर्तुगीज पासपोर्टवर ब्रिटनमधील स्विंडनला गेलेल्या नातेवाइकांचा सल्ला येथे उपयोगाचा नाही, कारण ती मुक्त ये-जा 2020 च्या अखेरीस संपली. ऑस्ट्रेलियातच मालकाने पुरस्कृत केलेला 482 हा व्हिसा मात्र तुम्ही समांतरपणे पाहावा. डिसेंबर 2024 पासून त्याला एक वर्षाचा अनुभव पुरतो आणि तुमचा वेर्ण्याचा अनुभव त्याहून जास्त आहे. भारतीय पासपोर्टवरील काही ट्रेडना त्यासाठीही टीआरएचे मूल्यमापन लागते, म्हणून आता जमवलेले कागद दोन्हीकडे उपयोगी पडतात.

शेवटी तुम्ही लिहिले आहे की एका एजंटाने खाणीची पूर्ण नऊ वर्षे आणि टॅक्सीची वर्षेसुद्धा मेकॅनिक म्हणून दाखवून देण्याची हमी दिली आहे. त्याला नकार द्यावा. खोटी माहिती किंवा बनावट कागद आढळला तर ऑस्ट्रेलियाकडून तीन वर्षांपर्यंत आणि कॅनडाकडून पाच वर्षांपर्यंत दारे बंद होतात, आणि ती एजंटाला नव्हे, अर्जदाराला बंद होतात. निमंत्रण मिळवताना सांगितलेले गुण नंतर सिद्ध झाले नाहीत तर व्हिसा नाकारला जातो आणि भरलेले शुल्क परत मिळत नाही. अर्जाचे खाते तुमच्याच ईमेलवर असावे, सादर केलेल्या प्रत्येक कागदाची प्रत तुमच्याजवळ असावी आणि कोरा फॉर्म सही करून कोणालाही देऊ नये. या आठवड्यात पीएफ कार्यालयात जाऊन सेवेच्या तारखा तपासा, जुन्या कंपनीला पत्रासाठीचा लेखी अर्ज द्या आणि तुमच्या फोरमनचा पत्ता शोधा. त्या तारखा हाती आल्यावर दोन महिन्यांची शिल्लक खरोखर उरते का हे सांगता येईल, आणि मूल्यमापनाचे शुल्क त्यानंतरच भरावे.